खुंटावरचा शिक्का

मंगळवारी संध्याकाळी लेकीचा, वर्षालीचा, अकोल्याहून फोन येऊन गेला आणि तेव्हापासून खुशालरावांचा पाय घरात ठरेना. अंगणातल्या नळाची तोटी त्यांनी उघडून पुन्हा बसवली. ती गळत नव्हती. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. चप्पल घालून कॉलनीच्या टोकाला असलेल्या विहारापर्यंत गेले आणि आत न शिरता तसेच परत आले. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या त्यांच्या पत्नी दुर्गाबाई त्या फेऱ्या मोजत होत्या. चौथ्या फेरीला मात्र त्यांनी मान वर केली.

"पायाले मुंग्या लागल्या का तुमच्या?"

चार मूठ शेंगा पुढ्यात ओढून खुशालराव सोलायला बसले, आणि पहिली मूठ संपायच्या आत पुन्हा उठले.

फोनवर काही वाईट बातमी नव्हती. उलट पोरगी भारी खुशीत होती. वर्षाली अकोल्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी तिला लेख लिहायचा होता आणि विषय शोधता शोधता तिला घरातलाच एक शब्द सापडला होता. लहानपणी बाबांच्या तोंडून रोज ऐकलेला, आणि इंग्रजी शिकलेल्या तिच्या मैत्रिणींपैकी एकीलाही ठाऊक नसलेला. कॉपिस.

खुशालरावांनी हा शब्द चौतीस वर्षं वापरला होता. ते वनखात्यात वनरक्षक होते. रानाकडेचे लोक त्यांना नाकेदार म्हणत. अमरावतीहून चांदूर रेल्वेकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलेल्या सागाच्या जंगलात त्यांची बहुतेक नोकरी गेली. त्या जंगलाच्या तोडीची रीत इंग्रजांच्या काळापासून ठरलेली होती. जंगलाचे तुकडे पाडायचे, दरसाल एका तुकड्यातली नेमकी झाडं तोडायची, पण खुंट जमिनीत तसेच ठेवायचे. पाऊस पडला की खुंटाला धुमारे फुटतात. त्यातला एक जोमदार धुमारा ठेवायचा, बाकीचे खुडायचे. तीस-चाळीस वर्षांनी त्याच खुंटावर नवं झाड उभं असतं. अशा रानाला कागदोपत्री कॉपिस म्हणत आणि तोडीच्या तुकड्याला कूप. मजुरांच्या बायकासुद्धा एकमेकींना सांगायच्या, कुपावर चालली म्हणून. कूप म्हणजे विहीर, मग रानाच्या तुकड्याला विहीर का म्हणतात, असं खुशालरावांना नोकरीच्या पहिल्या वर्षी वाटलं होतं. पण साहेबाला शब्दाचा अर्थ विचारायचा नसतो, हे त्यांना त्याच वर्षी कळलं होतं.

वर्षालीनं तो अर्थ फोनवर उलगडून सांगितला. कूपचा विहिरीशी काही संबंध नाही. कूप आणि कॉपिस हे दोन्ही एकाच घरातले, फ्रेंचमधून आलेले. तोडणं या अर्थाच्या शब्दापासून. तो शब्द आला घाव या शब्दापासून. आणि घावाच्याही मागे जात जात लॅटिनमधून ग्रीकपर्यंत पोचलं की तिथे कुऱ्हाड नाहीच. तिथे आहे कोलाफोस, म्हणजे गालावर मारलेली थापड.

"म्हणजे पाहा ना बाबा," ती हसत म्हणाली होती, "तुमच्या एवढ्या मोठ्या जंगलाच्या बुडाशी एक थापड आहे."

खुशालराव "असं का" म्हणाले. मग ती म्हणाली, रविवारी मी येते, आपण तुमच्या त्या सात नंबरच्या कुपात जाऊ, मला फोटो पाहिजेत. आणि तुम्ही नेहमी सांगता ना, कुऱ्हाड धरावी तर पुंजारामनं, त्या पुंजारामचा पत्ताही मी काढला. तिकडच्या आत्ताच्या वनरक्षकाला, स्वप्निलला, तिनं विचारलं होतं. पुंजाराम जिवंत होता, कुपाजवळच्या बोरखडी गावातच होता, आणि रविवारी कुपाजवळ भेटायला तयार होता.

तो तयार कसा झाला, हेच खुशालरावांना समजत नव्हतं.

*

एकोणीसशे त्र्याण्णवच्या जानेवारीतली, सात नंबरच्या कुपातली गोष्ट. खुशालराव तेव्हा एकतीस वर्षांचे होते. अंगावर खाकी, हातात खात्याचा हातोडा. हा हातोडा म्हणजे वनरक्षकाची इभ्रत. त्याच्या तोंडावर खात्याचं चिन्ह आणि नंबर कोरलेला असतो. जे झाड तोडायचं त्याची साल दोन ठिकाणी तासायची आणि हातोड्यानं शिक्का मारायचा: एक छातीच्या उंचीला, दुसरा बुडाशी, अगदी मातीलगत. वरचा शिक्का लाकडासोबत जातो. खालचा खुंटावर राहतो. तपासणीला साहेब येतो तेव्हा प्रत्येक खुंटावर वाकून शिक्का पाहतो. शिक्का असला तर तोड सरकारी. नसला तर चोरी, आणि चोरीचा जाब पहिल्यांदा नाकेदाराला.

म्हणून खालचा शिक्का मारायला पार वाकावं लागतं. पाचोळा सारायचा, माती उकरायची, काटे बाजूला करायचे. चारशे झाडं असली की चारशे वेळा.

त्या दिवशी खुशालरावांना घाई होती. दोन वर्षांची वर्षाली अमरावतीत तापानं फणफणली होती आणि दुपारची एसटी चुकली तर दुसऱ्या दिवसाशिवाय गाडी नव्हती. शेवटच्या साठ-सत्तर झाडांना ते वाकलेच नाहीत. उभ्या उभ्या, कमरेतून अर्धवट झुकून, गुडघ्याच्या जरा खाली शिक्के मारले आणि निघून गेले.

तोड पुंजारामच्या टोळीकडे होती. पुंजाराम खुंट कधी उंच ठेवत नसे. अर्ध्या वितीवर, किंचित तिरका, गुळगुळीत घाव. साल फाटायची नाही, वर पाणी साचायचं नाही. खुंट उंच राहिला की धुमारा उंचावर फुटतो आणि वादळात फाटतो. जमिनीलगत तोडलं की नवं झाड स्वतःच्या मुळावर उभं राहतं. हे त्याला कुणी कागदावर शिकवलं नव्हतं. त्यानं नेहमीप्रमाणे खाली तोडलं, आणि नाकेदारानं उंच मारलेले शिक्के लाकडासोबत निघून गेले.

आठ दिवसांनी साहेब तपासणीला आला. एकापाठोपाठ एक बिनशिक्क्याचे खुंट. साहेबानं काही विचारायच्या आत खुशालराव पुंजारामजवळ गेले आणि सगळ्या टोळीसमोर, जळणाच्या फाट्या बांधणाऱ्या बायांसमोर, त्यांनी त्याच्या कानशिलात मारली. शिक्का पाहून तोडायची अक्कल नाही का, असं ओरडले. साहेबानं ते ऐकलं, वहीत काहीतरी लिहिलं, मजुराची चूक म्हणून प्रकरण मिटलं.

शिक्का कुठं मारला होता हे पुंजारामला ठाऊक होतं. त्यानंच तर ती झाडं आडवी केली होती. त्यानं कुऱ्हाड झाडाला टेकवली, डोक्याचं फडकं सोडून खांद्यावर टाकलं आणि पायवाटेनं निघून गेला. पुन्हा कुपावर आला नाही. त्याच्या टोळीतले बाकीचे सात जण रोजंदारीवर टिकून राहिले आणि पुढे बऱ्याच वर्षांनी सरकारनं त्यांना कायम केलं. त्यांची नावं हजेरीपटावरून उतरवून पाठवायचं काम खुशालरावांकडेच आलं होतं. पुंजारामचं नाव त्या जानेवारीत थांबलं होतं. बोट तिथं टेकवून ते थोडा वेळ बसले होते आणि मग त्यांनी पान उलटलं होतं.

खुशालरावांचे वडील रामराव दुसऱ्याच्या वाड्यावर वर्षाच्या बोलीनं राबणारे सालदार होते. लेकाला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी पेढा खाल्ला आणि एकच गोष्ट सांगितली होती: "साहेब हो, पन कोनावर हात टाकू नको. मी थापडा खाल्ल्या, म्हनून सांगतो." त्र्याण्णवमध्ये ते हयात होते. खुशालरावांनी त्यांना कधी कळू दिलं नाही.

पुंजाराम किती चांगला कुऱ्हाड्या होता हे मात्र ते घरात वारंवार सांगत राहिले. इतक्या वेळा, की पोरीला तो ओळखीचा वाटायला लागला.

*

गुरुवारी दुपारी त्यांना राहवलं नाही. दुर्गाबाई तूर उन्हात पसरत होत्या. खुशालराव सुपाजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. शिक्के, साहेब, थापड, हजेरीपट. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

दुर्गाबाईंनी तुरीवरून हात फिरवत ऐकून घेतलं.

"आन् हे मले काहून सांगून राह्यले?" त्या म्हणाल्या. "मले मारली होती का थापड?"

"तुले सांगितलं तं हलकं वाटन म्हटलं."

"वाटलं का?"

खुशालरावांनी सुपातले चार दाणे उचलले आणि परत टाकले.

"नाई वाटत," दुर्गाबाई म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या. दारातून वळून एवढंच म्हणाल्या की रविवारी पोरगी येणार आहे, तिच्या आधी काय ते ठरवा. ती लिहून बसली मग खोडणं आलं.

शुक्रवारी त्यांनी वर्षालीला फोन लावला, आणि तिनं उचलल्यावर संत्री आणू का विचारलं. शनिवारी स्वप्निलला फोन करून पुंजारामची तब्येत बरी नसेल तर त्याला उगीच त्रास नको, असं सुचवून पाहिलं. स्वप्निल म्हणाला, "तब्येत एकदम ओके आहे काका. दिवसभर शेळ्यामागं हिंडते तो बुढा. मलेच दम लागते त्याच्यासंगं."

*

रविवारी सकाळी वर्षाली पहिल्या बसनं अमरावतीत उतरली. खुशालरावांनी मोटारसायकल काढली. वाटेत कापसाच्या गाड्या लागल्या, संत्र्याच्या बागा लागल्या, मग रान सुरू झालं. पळसाची पानं झडत आली होती. वनखात्याच्या फलकाजवळ एक चहाची टपरी होती. तिथं ती थांबायला म्हणाली. चहा येईतो तिनं पिशवीतून कागद काढले.

"सुरुवात झाली लिहून. वाचू?"

त्यांनी मान हलवली, आणि तिला तो होकार वाटला.

तिनं चांगलं लिहिलं होतं. थापडीपासून घाव, घावापासून तोड, तोडीपासून तोडलेलं रान आणि त्यापासून पुन्हा वाढलेलं रान; एक शब्द किती लांब चालत आला, ते तिनं नीट मांडलं होतं. मग पुढचा परिच्छेद आला. "खुंट जमिनीलगत तोडावा, म्हणजे नवं झाड स्वतःच्या मुळावर उभं राहतं, हे माझ्या वडिलांनी त्यांच्या मजुरांना शिकवलं. आज सात नंबरच्या कुपात जे उभं आहे, ते त्या शिकवणीचं फळ आहे."

खुशालरावांनी बशीत चहा ओतला. अर्धा चहा मांडीवर सांडला.

"भाजलं का?"

"नाई," ते म्हणाले. "चाल. ऊन होईन."

मोटारसायकलवर मागं बसून ती बोलत होती आणि वारा अर्धे शब्द उडवून नेत होता. तिचे कागद पाठीला टोचत होते. आत्ता गाडी थांबवून सांगता येईल, असं त्यांना प्रत्येक वळणावर वाटलं, आणि प्रत्येक वळण मागं गेलं.

कुपाच्या तोंडाशी पुंजाराम एका दगडावर बसला होता. काळा, वाळलेला, हातात काठी. वीसेक शेळ्या बोरीच्या झुडपांना लागल्या होत्या. तो उठला आणि राम राम घातला.

"या नाकेदार साहेब. हे पोरगी काय तुमची? लय मोठी झाली."

"तुम्ही मला पाहिलं होतं काका?" वर्षालीनं विचारलं.

"पाह्यलं कुठं. तुमाले ताप आला होता म्हनून आयकलं होतं येक डाव."

खुशालरावांनी चटकन त्याच्याकडे पाहिलं. पुंजारामच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो शेळीला हाकलत होता.

मग तो वर्षालीला कुपात घेऊन गेला. साग सरळ वाढले होते, मांडीएवढे जाड, अंतरा-अंतरावर. त्यानं एका झाडाच्या बुडाशी काठीनं पाचोळा सारला आणि जुन्या खुंटाची कुजकी कड दाखवली. नव्या खोडानं ती तीन बाजूंनी गिळत आणली होती. कुऱ्हाड कशी धरायची, घाव कोणत्या बाजूनं उतरता करायचा, पाणी कसं निथळतं, हे त्यानं काठीनंच करून दाखवलं. वर्षाली भराभर लिहीत होती. खुशालराव चार पावलं मागं उभे होते. मध्येच पुढं यायचे, पुन्हा मागं जायचे. एका झाडाला हात लावायचे आणि काढून घ्यायचे.

"हे सगळं तुम्हाला बाबांनी शिकवलं ना?" वर्षालीनं विचारलं.

पुंजारामला त्याचं हसू आलं. "नाकेदारानं? नाकेदाराले कुऱ्हाड येते का कुठं? माया बापानं शिकवलं. बापाले त्याच्या बापानं."

वर्षालीनं ओळ खोडली. मग तिनं साधाच प्रश्न विचारला, लेखासाठी लागतो तसा. काकांनी हे काम किती वर्षं केलं?

"आठ."

"फक्त? मग सोडलं का?"

पुंजारामनं खुशालरावांकडे पाहिलं. मग काठी दुसऱ्या हातात घेतली. "पाय दुखाले लागले होते," तो म्हणाला.

वर्षालीनं ते लिहायला पेन टेकवलं.

"लिहू नको," खुशालराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दोन शेळ्या बिचकल्या. "त्याचे पाय नवते दुखत. म्या त्याले थापड मारली होती. शिक्के म्या वर मारले होते. माई चूक होती आन् त्याच्यावर घातली."

वर्षाली पेन तसंच धरून उभी राहिली. तिनं कशासाठी, असं विचारलं. शिक्के वर का मारले? खुशालरावांच्या ओठाशी उत्तर होतं. घाई, एसटी, ताप. ते समोर उभ्या पोरीकडे पाहून त्यांनी गिळलं.

"वाकलो नाई," ते म्हणाले. "कंटाळा आला होता."

पुंजारामनं काठी जमिनीवर आपटली, पण हळू. शिक्के वर का गेले ते त्यालाही ठाऊक होतं.

"पुंजाराम, मी माफी मागाले आलो," खुशालराव म्हणाले.

"तुमी नाई आले. पोरीनं आनलं."

हे खरं होतं. खुशालरावांनी मान खाली घातली.

"आन् माफी इथं मागून काय होते, साहेब?" पुंजारामचा आवाज अजूनही चढला नव्हता. "इथं हे झाडं आन् ह्या बकऱ्या. थापड काय झाडाईसमोर मारली होती? गावातल्या चार मानसाईसमोर मारली. सातजन होते, बाया होत्या. माया पोरगा शाळेत गेला का पोरं त्याले म्हनत, तुया बाप लाकूडचोर. तो शाळेत जायाचाच राह्यला. तेथं चाला अन् तेथं बोला."

"आता कोन राह्यलं त्याच्यातलं?" खुशालरावांनी विचारलं.

"जानराव आहे. गोदाबाई आहे. बाकी गेले." मग तो म्हणाला, "दोन आहेत तोवर चाला. पुन्हा मी काही बलवाले येनार नाई."

वर्षाली वडिलांकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, हे त्यांना ओळखता येईना. चेहरा नीट पाहायला त्यांना धीर होत नव्हता. तिनं कागद घडी करून पिशवीत टाकले. "मी येऊ का सोबत?" तिनं विचारलं. ये म्हणावं की नको, हे त्यांना कळेना. शेवटी ते म्हणाले, "ये. पण लिहू नको."

बोरखडी अर्ध्या कोसावर. मोटारसायकल कुपाच्या तोंडाशी ठेवून ते पायी निघाले. शेळ्या पुढे, पुंजाराम शेळ्यांमागं, त्याच्यामागं बापलेक. गावात शिरल्यावर घराघरांतून लोक पाहू लागले. रविवार होता, पोरं घरी होती, मारुतीच्या पारावर चार-पाच माणसं उन्हाला बसली होती. त्यात जानराव होता, वनमजूर म्हणून निवृत्त झालेला. जुन्या साहेबाला पाहून तो लगबगीनं उठला आणि त्यानं खुर्ची आणायला पोराला पाठवलं. खुशालराव बसले नाहीत. पुंजारामनं कुणाच्या तरी घरातून गोदाबाईला हाताला धरून आणलं. ती ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली. त्यानं तिला पारावर बसवलं आणि स्वतः बाजूला, लोकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

सेवानिवृत्तीच्या दिवशी खुशालराव हार घालून पाच मिनिटं बोलले होते; आता एक वाक्य जुळेना. मग त्यांनी सांगितलं. सात नंबरचा कूप, बिनशिक्क्याचे खुंट, शिक्के कुणी वर मारले, थापड कुणी खाल्ली. पुंजाराम चोर नव्हता. त्याच्या तोडीत काही खोट नव्हती. खोट माझी होती, आणि ती मी तेव्हा तुमच्यासमोर त्याच्या गालावर मारली. हजेरीपटावर त्याचं नाव थांबलं तेही माझ्यामुळं. बोलून झालं तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. जानराव खाली पाहत होता. त्याला सगळं तेव्हाच माहीत होतं, हे त्या मान खाली घालण्यावरून खुशालरावांना समजलं.

गोदाबाईनं कानाशी हात नेला.

"काय म्हनून राह्यला हा?" तिनं शेजारच्याला विचारलं. "मले काईच आयकू नाई आलं. जरा मोठ्यानं बोल ना रे बाप्पा."

कुणीतरी हसलं. पुंजाराम हसला नाही. तो नुसता उभा होता, काठीवर दोन्ही हात ठेवून, वाट पाहत.

खुशालराव दोन पावलं पुढं झाले, म्हातारीच्या कानाशी वाकले आणि सगळ्या पाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी पहिल्या शिक्क्यापासून पुन्हा सुरुवात केली.